मूल, घर आणि गृहचौकशी : मराठवाड्यात बालकल्याणाचे काम सुरू करणाऱ्यांसाठी

समाजकार्याची पदवी घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात, बालगृहात किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. बीड, परभणी, जालना किंवा हिंगोलीच्या एखाद्या तालुक्यात काम सुरू होते आणि पहिल्याच आठवड्यात समोर फाइल येते. त्या फाइलीत एका मुलाचे किंवा मुलीचे पुढचे आयुष्य असते, ठरवायला वेळ थोडा असतो आणि ज्यांना विचारावे ते सहकारी आधीच कामाने वाकलेले असतात. अशा वेळी नव्या कार्यकर्त्याच्या मनात सर्वांत आधी येतो तो मुलाला त्या घरातून काढून संस्थेत सुरक्षित ठेवण्याचा विचार. तो मायेपोटीच येतो, पण बऱ्याच प्रकरणांत तो मुलाच्या हिताचा ठरत नाही. मूल ज्या घरात आहे ते घर सावरता येईल का, हे आधी पाहायचे असते आणि ते नीट पाहता येणे हेच या क्षेत्रातल्या समाजकार्याचे मुख्य कौशल्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : कायद्याची आणि जगाच्या अनुभवाची चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी ती मान्य केली. संहितेत ५४ कलमे आहेत. ती सगळी पाठ असण्याची गरज नाही, मात्र चार तत्त्वे जिभेवर असली पाहिजेत : कोणत्याही मुलाबाबत भेदभाव नको (कलम २), प्रत्येक निर्णयात मुलाचे सर्वोत्तम हित पाहावे (कलम ३), जगण्याचा आणि विकासाचा हक्क जपावा (कलम ६) आणि मुलाचे म्हणणे ऐकून त्याला वजन द्यावे (कलम १२). पहिली तीन तत्त्वे आपल्याकडे भाषणांत सर्रास येतात. चौथे मात्र कामकाजातून सहज गळून पडते, म्हणून नव्या माणसाने त्याचीच सवय आधी लावून घ्यावी.

आपल्या देशात या संहितेला बळ मिळते ते मुख्यतः बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मधून. हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मधील तत्त्वे एकदा शांतपणे वाचून काढावीत. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत दाखल करणे हा शेवटचा उपाय आहे, या दोन्ही गोष्टी तेथे स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

कायद्यात ही तत्त्वे येण्यामागे जगाने मोजलेली किंमत आहे. रुमेनियात १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा सरकारी अनाथालयांत एक लाखाहून अधिक मुले असल्याचे जगासमोर आले. त्यांना अन्न, अंथरूण आणि छप्पर मिळत होते, पण ठरावीक असे जवळचे माणूस कोणालाच नव्हते. पुढे २००० साली बुखारेस्टमध्ये संशोधकांनी १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या घरांत, पाठवली गेली आणि बाकीची नेहमीच्या संस्थात्मक व्यवस्थेत राहिली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ स्पष्टपणे अधिक चांगली झाली आणि दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. प्रत्येक मुलाबाबत दोन प्रश्न ओळीने विचारावेत, असा त्यांचा गाभा आहे. या मुलाला घरापासून वेगळे करणे खरोखर आवश्यक आहे का? आणि आवश्यक असेल, तर सुचवलेली जागा याच मुलाला योग्य आहे का?

हे प्रश्न आपल्याकडेही तितकेच लागू पडतात. जगभरातल्या अनाथालयांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील यांपैकी कोणीतरी हयात असते. मराठवाड्यात तर बालगृहातल्या मुलांची नोंदवही चाळली, की आई हयात असलेली, वडिलांनी आत्महत्या केलेली किंवा आजारपणात गमावलेली मुले पानोपानी भेटतात. त्यांना प्रेमाची माणसे आहेत. त्या माणसांकडे पैसा, वेळ किंवा कागदपत्रे नाहीत, एवढाच फरक असतो.

दुसरी पायरी : जिल्ह्यातली माणसे ओळखून घेणे

रुजू झाल्यावर पहिले काही दिवस फाइलींपेक्षा माणसांना द्यावेत. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती असते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार या समितीचा आहे. तो कार्यकर्त्याचा नाही, संस्थाचालकाचा नाही आणि पोलीस ठाण्याचाही नाही. मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. समितीची बैठक त्या दिवशी नसेल तर एका सदस्यापुढे हजर करता येते, हे अनेकांना ठाऊक नसते आणि मूल रात्रभर ठाण्याच्या बाकावर बसून राहते. सर्व सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक वहीत लिहून ठेवावेत, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी अशाच रात्री संपते.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. तो कोण, हे ठाण्यात जाऊन विचारावे आणि ओळख करून घ्यावी. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. ती कागदावरच असेल तरी अंगणवाडी सेविका, आशाताई, जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील ही माणसे प्रत्यक्षात असतातच. माझ्या अनुभवात गावातल्या मुलांची सर्वांत खात्रीची माहिती अंगणवाडी सेविकेकडे मिळते. कोणत्या घरात सून माहेरी गेली, कोणाचे लेकरू दोन महिने दिसले नाही, कोणाच्या मुलीसाठी पाहुणे येऊन गेले, हे तिला विचारल्याशिवाय गावाचे चित्र पूर्ण होत नाही. १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली आणि आता ती शासन चालवते. तो क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ठळक लिहिला आहे का, एवढे तरी पहिल्या फेरीत पाहून यावे.

ज्यांनी समाजकार्याचे शिक्षण घेतलेले नाही पण हे काम करण्याची ओढ आहे, त्यांना मराठवाड्यातच शिकण्याची सोय आहे. विभागातल्या समाजकार्य महाविद्यालयांबरोबर धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर येथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे.

तिसरी पायरी : मुलाची पहिली भेट

बस स्थानकावर एकटी सापडलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी समोर आणून बसवली जाते तेव्हा तिला आधीच चार जणांनी तेच प्रश्न विचारलेले असतात. वाहकाने विचारलेले असते, पोलिसांनी विचारलेले असते, चहावाल्यानेही विचारलेले असते. पाचव्यांदा ‘घर का सोडलंस?’ असे विचारले, तर ती गप्प बसेल किंवा सुटका व्हावी म्हणून काहीतरी सांगेल. आधी पाणी द्यावे, जेवली आहे का ते विचारावे, तिच्या उंचीला येऊन बसावे आणि आपण कोण, आता पुढे काय होणार, हे साध्या शब्दांत सांगावे. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न मुलाला आरोपासारखा ऐकू येतो. ‘काल सकाळपासून काय काय झालं ते सांगशील?’ असा प्रश्न त्याला बोलायला जागा देतो. जे आपल्या हातात नाही त्याचे वचन मुळीच देऊ नये. ‘तुला कोणी घरी पाठवणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘तुझं म्हणणं मी समितीला जसंच्या तसं सांगेन’ एवढे मात्र आपण नक्की म्हणू शकतो आणि ते पाळूही शकतो.

भाषेचा विचारही येथेच करावा. बंजारा तांड्यावरचे मूल घरात गोरमाटी बोलते, पारधी किंवा वडार वस्तीवरचे मूल आपापली बोली बोलते, शहरातल्या अनेक घरांत दखनी उर्दू चालते. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मूल ‘हो’ म्हणाले याचा अर्थ त्याला प्रश्न समजला असा होत नाही. दुभाषी म्हणून मुलाच्या नात्यातल्या किंवा वस्तीतल्या वजनदार माणसाला बसवू नये, कारण त्याच्याच विरोधात मुलाला काही सांगायचे असू शकते.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर आपण चौकशी करत बसायचे नसते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ नुसार अशा घटनेची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. आपण मुलाने आपणहून जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, त्याच दिवशी कळवावे आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मुलासोबत असावे.

चौथी पायरी : गृहभेट आणि तिचा अहवाल

सगळ्या कामात कार्यकर्त्याची खरी कसोटी येथे लागते, म्हणून या पायरीवर थोडे थांबू. समितीने चौकशीचा आदेश दिला, की साधारण पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे कार्यालयात ज्याला गृहचौकशी अहवाल म्हणतात तो, सादर करायचा असतो. आणि मूल प्रथम हजर झाल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. समितीने ते घर पाहिलेले नसते. तुमच्या कागदावरून तिला जे दिसते तेवढेच घर तिच्यापुढे असते.

गृहभेटीला शक्यतो सरकारी गाडी दारात नेऊन उभी करू नये. गाडी पाहून गल्ली गोळा होते आणि त्या घरावर ठपका बसतो. पारधी समाजाच्या वस्तीवर तर गाडी दिसली की माणसे घर सोडून निघून जातात आणि त्या भीतीला पिढ्यांचा इतिहास आहे. गाडी लांब उभी करून ओळखीच्या आशाताईंसोबत चालत जावे. आजींना आजी, मावशींना मावशी म्हणावे, ओट्यावर किंवा सतरंजीवर बसावे, दिलेले पाणी घ्यावे. आईशी बोलताना दीर, सासरे, शेजारी यांना थोडा वेळ बाहेर थांबायची विनंती करावी. ते अवघड वाटते, पण आईचे खरे म्हणणे चारचौघांत निघत नाही. रेशनकार्ड पाहावे आणि मुलाचे नाव त्यावर आहे का ते तपासावे. आई विधवा असेल तर अनेकदा तिचे आणि मुलांचे नाव सासऱ्यांच्याच कार्डावर राहिलेले असते आणि धान्य तिच्या चुलीपर्यंत पोहोचत नाही. शाळेत जाऊन हजेरीपट पाहावा, वर्गशिक्षकांशी बोलावे.

आता लिहिण्याबद्दल. वर्षानुवर्षे एकाच साच्यातून निघालेली दोन वाक्ये शेकडो अहवालांत सापडतात : ‘मुलीच्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून आई तिचा सांभाळ करण्यास असमर्थ आहे. सबब मुलीस बालगृहात दाखल करणे योग्य राहील.’ यात एकही तपासण्याजोगी गोष्ट नाही, पण मुलीचे घर सुटायला एवढे पुरते. त्याच घराबद्दल असेही लिहिता येते :

‘वडिलांचे निधन झाले असून मृत्यूचा दाखला आईकडे आहे. आई दिवाळीच्या आधी ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते. त्या काळात मुलगी आजीकडे राहते. आजीला डोळ्यांनी कमी दिसते, मात्र स्वयंपाक ती स्वतः करते. हजेरीपटानुसार दिवाळीपर्यंत मुलगी नियमित शाळेत येते, त्यानंतर तिची हजेरी तुटते. शिक्षकांच्या मते वाचन-लेखन चांगले आहे. बालसंगोपन योजनेचा अर्ज केलेला नाही, कारण आईचे बँक खाते बंद आहे. मुलगी म्हणाली, “मला आजीजवळच राहायचंय, फक्त रातच्याला भ्या वाटतं.” चुलती शेजारच्याच घरात राहते, रात्री मुलीला आपल्याकडे झोपायला घेण्यास ती तयार आहे आणि मुलीलाही ते मान्य आहे.’

हा काल्पनिक नमुना आहे, पण फरक लक्षात यावा. दुसऱ्या अहवालात गरिबी लपवलेली नाही, तिचे नेमके तुकडे केलेले आहेत आणि प्रत्येक तुकड्यावर काहीतरी करता येते : खाते सुरू करता येते, अर्ज भरता येतो, चुलतीशी बोलून ठरवता येते. मुलीचे वाक्य तिच्याच शब्दांत आलेले आहे आणि त्यातूनच पुढचा उपाय निघालेला आहे. अर्थात चुलतीच्या घरात आणखी कोण कोण राहते, ते घर मुलीला सुरक्षित आहे का, हे पाहूनच शिफारस करायची.

पैशाच्या आधाराबाबत दोन योजना नीट माहीत हव्यात. महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अनाथ, एक पालक असलेल्या किंवा पालक गंभीर आजारी अथवा कारागृहात असलेल्या मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. ही वाढ २०२३ मध्ये झाली, त्याआधी रक्कम १,१०० रुपये होती. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून प्रायोजकत्वाखाली, म्हणजे मूल घरीच राहावे म्हणून कुटुंबाला दिलेल्या मदतीखाली, दरमहा ४,००० रुपये मिळतात आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० व इतर ठिकाणी ९६,००० रुपये आहे. अर्ज अडतो तो बहुधा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार किंवा बँक पासबुक यांपैकी एका कागदावर. त्या एका कागदासाठी आईला तहसीलच्या चार खेपा घालायला लावण्यापेक्षा तुम्ही एकदा तिच्यासोबत जाणे हे अधिक खरे समाजकार्य आहे. तिची एक खेप म्हणजे एक बुडालेली मजुरी असते.

पाचवी पायरी : ऊसतोडीचे वर्ष समजून घेणे

मराठवाड्यात बालकल्याणाचे वर्ष जूनपासून नव्हे, दसऱ्यापासून मोजावे लागते. पावसाळ्यातच मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा माणूस, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देऊन जातो, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुले सोबत गेली तर फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात, पहाटे अंधारात आईवडील तोडीला गेले की मोठी बहीण धाकट्यांना सांभाळते आणि तिची शाळा सुटते. मुले गावी ठेवली तर आजी-आजोबांच्या हाती राहतात. चीनमध्येही हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर दिसला. शहरांत कामाला गेलेल्या पालकांची खेड्यात राहिलेली मुले तेथे २०१० च्या जनगणनेच्या आधारे सहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज निघाला होता. मूल सोबत न्यावे की मागे ठेवावे, याचे एकच बरोबर उत्तर तेथेही मिळालेले नाही. प्रत्येक घराचे उत्तर वेगळे असते आणि म्हणूनच घरोघर जाणारा माणूस लागतो.

कामाचा क्रम असा ठेवावा. भाद्रपदातच मुख्याध्यापक आणि अंगणवाडी सेविकेसोबत बसून जाणाऱ्या कुटुंबांची यादी करावी. प्रत्येक मुलापुढे ते सोबत जाणार की मागे राहणार, मागे राहणार असेल तर कोणाजवळ, हे लिहावे. गावात किंवा जवळ मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल तर त्यात नाव जाईल हे पाहावे आणि मुले तेथे फक्त जेवतात की रात्री राहतातही, हे प्रत्यक्ष जाऊन तपासावे. जे मूल सोबत जाणार आहे त्याला शाळेकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतराच्या ठिकाणी शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे कार्ड, मिळवून द्यावे. मुकादमाचे नाव, त्याचा दूरध्वनी आणि कारखान्याचे नाव नोंदवावे. लहान बाळांचे लसीकरणाचे कार्ड आईच्या पिशवीत आहे का, ते निघण्याच्या दिवशी विचारावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे आणि दाखला नाही या कारणाने तो नाकारता येत नाही. हे कारखान्याजवळच्या शाळेला दूरध्वनीवर नम्रपणे पण ठामपणे सांगता आले पाहिजे.

बारा ते सोळा वयाच्या मुलींची यादी वेगळी करावी. त्याचे कारण पुढच्या पायरीत आहे.

सहावी पायरी : बालविवाहाची खबर आली तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते, बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के. हे आकडे वाचून आईबापांवर संतापणे सोपे आहे. पण पाच-सहा महिने परमुलखात जाणाऱ्या आईला चौदा वर्षांच्या मुलीला गावी एकटी ठेवायची धास्ती असते आणि कोपीत ठेवायचीही असते. त्यात जोडीशिवाय उचल नाही, या व्यवस्थेमुळे तरुण मुलाचे लग्नही घाईने उरकले जाते. भीती आणि कर्ज ही दोन कारणे समजून घेतल्याशिवाय थांबवलेले लग्न पुढच्या मुहूर्तावर दुसऱ्या गावात लागते.

खबर येते ती बहुधा लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा हळदीच्या रात्री. खबर देणाऱ्याचे नाव कोणालाही सांगू नये, कारण अनेकदा ती मुलीची मैत्रीण किंवा शिक्षिका असते. सर्वप्रथम शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेचा उतारा मिळवावा. मुलीचे वय अठरा किंवा मुलाचे एकवीस पूर्ण नसेल तर बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ लागू होतो. ग्रामीण भागात ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी आहे, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून काम पाहतात. त्यांना आणि पोलीस ठाण्याला एकाच वेळी कळवावे. वेळ हाताशी असेल तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई आदेश घेता येतो. मंडपात पोहोचल्यावर आवाज चढवू नये. वडिलांना बाजूला घेऊन कायदा सांगावा, मुलीशी स्वतंत्र बोलावे, लेखी हमीपत्र घ्यावे आणि मुलीला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे. लग्नाचा नजीकचा धोका असलेली मुलगी ही कायद्याने काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालकच आहे.

हमीपत्रावर काम संपले असे समजणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी समजूत आहे. दुसऱ्या दिवशी त्या घरात स्वयंपाकाचे साहित्य वाया गेलेले असते, पाहुण्यांपुढे मान खाली गेलेली असते आणि सगळा राग मुलीवर निघतो. म्हणून पहिल्या आठवड्यात किमान दोनदा तिला भेटावे, शाळेत किंवा वसतिगृहात तिची जागा पक्की करावी आणि आईचा ‘मग हिला ठेवू कुठं?’ हा प्रश्न सुटला आहे का ते पाहावे. लग्न आधीच लागून गेले असेल तर तो विवाह न्यायालयातून रद्द करून घेता येतो. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत ती मुदत असते. अशी मुलगी गरोदर असेल तर रुग्णालयातून पोलिसांना कळवले जाते, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या निकालानंतर अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही गुन्हा आहे. या भीतीने कुटुंब तिला दवाखान्यातच नेत नाही आणि तिचा जीव धोक्यात येतो. तिचे उपचार कोणत्याही कारणाने थांबणार नाहीत, हे त्या घराला समजावणे आणि तपासण्यांना तिच्यासोबत जाणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

सातवी पायरी : घराबाहेर ठेवणे अपरिहार्य असेल तेव्हा

काही घरे मुलासाठी खरोखर धोक्याची असतात. तेथे घर टिकवण्याचा हट्ट धरू नये. मारहाण, अत्याचार किंवा विक्रीचा धोका असेल तर मुलाला त्याच दिवशी बाहेर काढावे आणि समितीपुढे न्यावे. त्यानंतरचे पर्याय ओळीने पाहावेत : मामा, मावशी, आत्या यांपैकी कोणी, मग प्रतिपालक कुटुंब, मग बालगृह. बालगृहात ठेवले तरी भावंडांची ताटातूट करू नये आणि वैयक्तिक संगोपन आराखड्यात घरी परतण्याचा मार्ग पहिल्या दिवसापासून लिहावा.

सापडलेल्या किंवा सोडून दिलेल्या बाळाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मूल नसलेल्या दांपत्याला मुद्रांकावर लिहून असे बाळ देणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. बाळ समितीपुढे गेले पाहिजे आणि दत्तक देण्यासाठी कायद्याने मुक्त ठरल्यावरच अधिकृत संस्थेमार्फत दिले गेले पाहिजे. स्वतःहून बाळ सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत तिला दोष देणारा एकही शब्द आपल्या तोंडून जाऊ नये.

आठवी पायरी : नाव, फोटो आणि समाजमाध्यमे

बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख पटेल असे काहीही, म्हणजे नाव, गाव, शाळा किंवा छायाचित्र, प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. रोखलेल्या बालविवाहाचा मंडपातला फोटो व्हॉट्सअॅपवर टाकणे हाही त्यातच येतो. चेहरा धूसर केला तरी गावाचे नाव आणि वडिलांचा फेटा पाहून सगळ्या तालुक्याला मुलगी कळते. अनुदान देणाऱ्यांना अहवालासाठी छायाचित्रे हवी असतील तर कामाची द्यावीत, मुलांची नव्हे.

नववी पायरी : पाठपुरावा

मूल घरी परतले किंवा घरीच राहिले, तरी फाइल उघडीच असते. पहिला महिना दर आठवड्याला, नंतर महिन्याला एकदा भेट असावी, आणि दसऱ्याच्या आधी व पट्टा पडल्यानंतर न चुकता. प्रत्येक भेटीत तीनच गोष्टी पाहिल्या तरी चालतील : शाळेतली हजेरी, खात्यात जमा झालेले पैसे आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक हंगामात बदलतो, म्हणून गावात राहणाऱ्या एका नातेवाइकाचा क्रमांकही नोंदवावा.

या क्षेत्रातल्या बऱ्याच नेमणुका कंत्राटी असतात आणि कार्यकर्ते बदलत राहतात. तुम्ही जाल तेव्हा तुमच्या जागी येणाऱ्या व्यक्तीला निदान धोक्यातल्या मुलांच्या घरी स्वतः घेऊन जावे, मुलासमोर तिची ओळख करून द्यावी आणि फाइलीच्या पहिल्या पानावर पुढच्या भेटीची तारीख, समितीच्या पुढच्या सुनावणीची तारीख आणि मूल सर्वांत जास्त विश्वास ठेवते त्या माणसाचे नाव लिहून ठेवावे.